बोरीचा एक नंबर

परभणी जिल्ह्यात कुणाला कशाचंही आऊटकम लिहून पाहिजे असेल, तर त्यानं इकडंतिकडं न फिरता सरळ माझ्याकडं यावं. हे मी गर्वानं सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं तर आहेच, तो माझा विषयच आहे, पण मी चहाचंसुद्धा लिहिलंय. एकदा बायकोनं, राजेश्रीनं, कप समोर ठेवला आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: 'हा कप संपल्यावर पिणाऱ्याला आल्याचं प्रमाण ओळखता येईल, साखरेचं विश्लेषण करता येईल आणि दुसऱ्या कपाची मागणी योग्य शब्दांत मांडता येईल.' राजेश्रीनं ते वाचलं आणि म्हणाली, "दुसरा कप मिळणार नाही." म्हणजे तिनातली दोन साध्य झाली. सदुसष्ट टक्के. आमच्या कॉलेजात एवढ्यावर हिरवा रंग येतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी मास्तरानं काय शिकवलं ते विचारायचे. मग वरून कागद आला, की मास्तरानं काय शिकवलं ते सोडा, पोराला शेवटी काय करता येतंय ते सांगा, आणि आकड्यात सांगा. याला आऊटकम म्हणायचं. खरं म्हणजे गोष्ट चांगली आहे. मला मनापासून पटली. पण चांगली गोष्ट आमच्या कॉलेजच्या फाटकातून आत आली, की आधी तिची रजिस्टरात नोंद करतात, आणि तिथंच तिची तब्येत बिघडते.

पहिला घाला क्रियापदांवर पडला. 'समजणे' हे क्रियापद कॉलेजात बंद झालं. पोराला समजलं का हे मोजता येत नाही, म्हणून. 'जाणून घेणे' त्याच आठवड्यात गेलं. 'आवडणे' आमच्याकडं कधी नव्हतंच. मी नोट्समधून 'समजणे' खोडून तिथं 'विश्लेषण करणे' टाकलं, आणि पोरांना पूर्वी जेवढं समजत नव्हतं तेवढ्याचंच विश्लेषण करता येईना.

मी या कॉलेजात अकरा वर्षं तात्पुरता आहे. दर जूनला माझी नवीन ऑर्डर निघते आणि तिच्यात 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात' असे शब्द असतात. ते दर वर्षी थोडे जास्त ठळक होत चाललेत असा मला संशय आहे. लग्न, पोरगी, कंबरदुखी, सगळ्या गोष्टी माझ्या आयुष्यात कायम झाल्या. मीच तेवढा राहिलो.

तर या जानेवारीत प्राचार्यांनी मला आणि माधवरावांना केबिनमध्ये बोलावलं. आमचे प्राचार्य इतके हळू बोलतात, की त्यांचं बोलणं ऐकताना आपण पाण्याखाली आहोत असं वाटतं. कॉम्प्युटर शाखेत कायमची एक जागा आली होती, आणि तात्पुरते आम्ही दोघं होतो. कॉलेजच्या आऊटकम पोर्टलवर प्रत्येक मास्तराच्या नावापुढं दोन चौकटी होत्या. पहिली पोरांची: सरांच्या विषयातलं आपल्याला किती येतं. दुसरी गावाची: पोरांनी बाहेरच्या लोकांसाठी जे काम केलं ते लोकांना कसं वाटलं. आकडा एक ते तीन. सरासरी दोन किंवा वर गेली की चौकट हिरवी, नाहीतर लाल. "एकतीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता पोर्टल गोठेल," प्राचार्य म्हणाले. "त्या वेळेला ज्याच्या दोन्ही चौकटी हिरव्या, त्याची ऑर्डर." दोघांच्याही हिरव्या असल्या तर जो जुना तो. जुना मी होतो.

दुपारी जेवणानंतर आमच्या स्टाफरूममधला पंखा फिरत नाही, विचारात पडल्यासारखा डुलतो. बाहेर कडुलिंबाची पानं गळत असतात, एकेक, कुणालाच घाई नसल्यासारखी. त्या वेळेला मला 'कायम' हा शब्द दिसायला लागला. खरंच दिसायचा. 'का' आधी तरंगत यायचा, त्याच्या मागून 'य', आणि 'म' खिडकीच्या गजाला जरा अडकायचा, मग सुटून आत यायचा. तिघं मिळून माझ्या टेबलावर उतरायला लागायचे, मी हात पुढं करायचो, आणि तेवढ्यात शिपाई हातात चहा द्यायचा.

समोरच्या खुर्चीत माधवराव झोपलेले असायचे. माधवराव डेटाबेस शिकवतात, म्हणजे टाइमटेबलात तसं लिहिलेलं आहे. ते रोज देवगाव फाट्याहून एसटीनं येतात-जातात. त्यांची झोप गाडीत सुरू होते आणि गाडीत संपते, मधे कॉलेज लागतं. पोरांनी त्यांना पहिल्या चौकटीत एक पॉइंट दोन दिले होते. मला दोन पॉइंट आठ होते. हे मी पुन्हा फक्त माहिती म्हणून सांगतोय.

"सर, तुमी लय मनावर घ्यायलात," माधवराव एक डोळा उघडून म्हणाले. "गावाच्या फॉर्मवर सरळ मधलं टिक करायला लावायचं. दोन. वरचा आकडा असला की पुरावा मागतात, खालचा असला की खुलासा मागतात. मधल्याला कुणी इचारत न्हाई."

त्यांनी तसंच केलं होतं. फाट्यावरच्या हॉटेलाचा मेनू पोरांकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतला, मेनूत चहा आणि भजी एवढंच होतं, आणि चहा पिणाऱ्यांकडून वीस फॉर्मवर दोनवर टिक करून घेतली. त्यांची दुसरी चौकट हिरवी झाली आणि ते पुन्हा झोपले. मला त्यांची दया आली. ही दया पुढं उपयोगी पडली नाही.

घरी मी ओट्यावर तक्ता पसरून बसलो होतो. शेजारचे बन्सीधरकाका भिंतीवरून बघत होते. काका भूमी अभिलेख ऑफिसातून रिटायर झालेत. चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, त्यामुळं अजूनही बोलताना समोरच्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बघतात.

"काय करायलात ओ सर?"

"मॅपिंग करतोय काका. सीओ-पीओ मॅपिंग."

काका भिंतीच्या अजून जवळ आले. "सीओ साहेब सोता येणार हायत मोजणीला?"

"कोणते सीओ साहेब?"

"नगरपालिकेचे."

मी सांगितलं, की सीओ म्हणजे विषयाचं आऊटकम, पीओ म्हणजे अख्ख्या डिग्रीचं, आणि कोणतं कुणाला किती लागू पडतं ते या तक्त्यात मांडायचं. जमिनीचा संबंध नाही. पोरांना काय येतं त्याची मोजणी.

काकांनी तक्त्याच्या चारी कडा बघून घेतल्या. मग म्हणाले, "म्हंजे वाद हद्दीचाच हाय. मास्तर म्हणतो मी दिलं, पोरगं म्हणतं मला भेटलं न्हाई. कब्जा कुणाचा हाय ते बघायचं."

अकरा वर्षांत आऊटकमची इतकी नीट व्याख्या मी कोणत्याही ट्रेनिंगमध्ये ऐकली नव्हती.

"मग एक करा," काका म्हणाले. "गावात जाऊन फॉर्म भरून घ्यायलात ना? पंचनामा करा. दोन पंच, सह्या-अंगठे समक्ष, खाडाखोड बिलकुल नगं. एकदा पंचनामा झाला की त्यातला आकडा ब्रह्मदेव आला तरी हालत न्हाई."

मला ते फार आवडलं. न हलणारा आकडा. कायम आकडा. मी काकांनाच पंच म्हणून घ्यायचं ठरवलं.

गाव ठरलं बोरी, कारण माझ्या वर्गातली निकिता बोरीची. हुशार पोरगी. आऊटकम पोर्टल मागच्या बॅचनं प्रोजेक्ट म्हणून बनवलं होतं, आणि ते पुढं चालवायचं काम कॉलेजनं तिच्यावर टाकलं होतं. तिच्या चुलत आजीची, धुरपताबाईंची, गावात चौतीस वर्षांची पिठाची गिरणी आहे. आम्ही बारा जण आणि काका जिंतूर गाडीनं गेलो. मी पोरांना आधीच शिकवलं होतं: प्रोग्रॅम लिहायच्या आधी ग्राहकाला काय पाहिजे ते विचारावं. दुसऱ्या युनिटाचं ते हृदय आहे.

निकितानं वही उघडली. "आज्जी, तुला काय पाहिजे?"

"मला?" धुरपताबाई म्हणाल्या. "मला काई नगं बाई."

निकितानं लिहिलं, 'ग्राहकाची गरज: काही नाही.'

"बरं, आता जी पद्धत आहे तिच्यात काय अडचण आहे?"

"कशाची अडचण? बाया डबे ठिवून जातात. गहू असला की गव्हाची पाळी, जवारी असली की जवारीची. दळण झालं की नेतात."

"नंबरावरून भांडणं होत नाहीत?"

"व्हतात की."

"मग?"

"मग काय? भांडतात अन् नेतात."

मी भिंतीला टेकून हे ऐकत होतो आणि मला कळत होतं की माझ्यासमोर एक असं काम चालू आहे, ज्याच्यात चौतीस वर्षांत एकही दोष निघालेला नाही. पण मला चौकट हिरवी करायची होती. त्यांना गरज नव्हती, मला त्यांची गरज असण्याची गरज होती. आम्ही शोधून काढली. प्रत्येक डब्यावर रंगानं नंबर टाकायचा, दळण झालं की धुरपताबाईंनी मोबाईलवर बटन दाबायचं, आणि ज्या बाईचा डबा असेल तिला मेसेज जाणार: 'आपला नंबर आला आहे. कृपया डबा घेऊन जावा.' चकरा नाहीत, भांडणं नाहीत. पोरांनी त्याला 'नंबर' असं नाव दिलं.

हे सगळं बनवायला दीड महिना गेला, त्यामुळं सिलॅबसचं पाचवं युनिट घ्यायला वेळ उरला नाही. पाचव्या युनिटात असं आहे, की चालू प्रोग्रॅमात एका ठिकाणी बदल केला तर बाकी सगळं जाग्यावर आहे का ते पुन्हा तपासून बघावं. सोपं आहे. मी पोरांना "वाचून घ्या" म्हणलो.

मार्चच्या मध्यात उद्घाटन ठरलं. चाचणीसाठी मी घरून ज्वारीचा डबा घेतला. राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तोच कशाला? त्याच्यावर आईचं नाव आहे."

खरंच होतं. स्टीलचा मोठा डबा, तिच्या माहेरचा, झाकणावर बारीक टोच्यानं 'सौ. प्रभावती' असं घातलेलं. मी म्हणलो, "चाचणी शास्त्रीय आहे. डबा खरा लागतो."

"परत येईल ना?"

"मेसेज येईल," मी म्हणलो.

त्या दिवशीची बोरी माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. दुपारचं ऊन गिरणीच्या पत्र्याच्या भोकांतून आत आलं होतं आणि पिठामुळं प्रत्येक किरण हातात धरता येईल असा जाड झाला होता. पट्टा फिरत होता, एका लयीत, कुणीतरी दूरवर थोपटत असल्यासारखा. बेचाळीस डबे ओळीनं मांडलेले, शेवटचा माझा. धुरपताबाईंच्या भुवया पांढऱ्या, निकिताच्या वेणीवर पीठ, काका एका स्टुलावर बसून पंचनाम्याचा मथळा लिहीत होते आणि त्यांची अक्षरंही मला पांढरी दिसत होती. 'कायम' कुठंतरी जवळच होता. पिठात मिसळून नाकात जात होता.

पहिला डबा दळून झाला. धुरपताबाईंनी पदराला बोट पुसलं आणि बटन दाबलं.

मेसेज एका बाईला जायचा होता. तो एकेचाळीस बायांना गेला.

आधी लांबून बांगड्या ऐकू आल्या. मग गल्लीच्या दोन्ही टोकांनी बाया यायला लागल्या. कुणाच्या हातात लाटणं होतं, कुणाच्या कडेवर लेकरू, एकीचं डोकं निम्मं विंचरलेलं. मिनिटात गिरणी भरली. "माझा नंबर आलाय," असं एकेचाळीस बाया एकमेकींना मोबाईल दाखवून सांगत होत्या. मी माझ्या चौकटीचा रंग डोळ्यांपुढं बदलताना बघितला. निकिता हळूच म्हणाली, "सर, एका नंबराच्या जागी अख्खी यादी गेली." मी म्हणलो, "विश्लेषण कर." दुसरं कोणतं क्रियापद सुचेना.

पण बाया परत गेल्याच नाहीत. एवढ्या लांब आलोय तर बसू म्हणून पोत्यांवर बसल्या. कमलबाई म्हणून एक होत्या, त्या म्हणाल्या, "संक्रांतीचं हळदी-कुकू झाल्यापसून आपुन एका जागी बसलोच न्हवतो की गं." मग कुरडयांचा विषय निघाला. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या कुरडया व्हायच्या असतात, एकमेकींच्या मदतीला जायचं असतं, आणि कुणाच्या घरी कोणत्या दिवशी यावरून दर वर्षी रुसवेफुगवे होतात. तासाभरात एकेचाळीस घरांच्या तारखा ठरल्या. कुणी रुसलं नाही. निकितानं गिरणीच्या भिंतीवर खडूनं यादी लिहिली. धुरपताबाई दळत राहिल्या, पट्टा थोपटत राहिला, हसण्याचे आवाज पिठासारखे वर जात राहिले, आणि मला वाटलं, हे कोणत्या आऊटकममध्ये बसतं? माझ्या तक्त्यात याला रकानाच नव्हता.

मग फॉर्म वाटले. 'विद्यार्थ्यांच्या कामाबद्दल आपलं मत: १, २, ३. एकावर खूण करा.' काकांनी प्रत्येकीला समक्ष बसवलं, सही नाहीतर अंगठा घेतला, खाली दोन पंचांच्या सह्या, काका आणि सरपंचांचे बंधू. खाडाखोड शून्य. मी मुद्दाम लांब उभा राहिलो, कुणी दबाव आणला म्हणू नये म्हणून. बाया खूण करताना एकमेकींना सांगत होत्या, ते मला तुटक ऐकू येत होतं. "एक नंबर." "एक नंबर काम केलं पोरींनी." मी ऐकत होतो आणि माझी छाती भरून येत होती.

माझा डबा तिथंच राहिला. गव्हाची पाळी चालू होती, ज्वारीची दुसऱ्या दिवशी. "दळून ठिवते मास्तर," धुरपताबाई म्हणाल्या. "मेसेज येईल तुमाला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी गठ्ठा सोडला. पहिल्या फॉर्मवर एकवर खूण. दुसऱ्यावर एकवर. दहाव्यावर एकवर. मी उरलेला गठ्ठा भराभर चाळला. पोर्टलच्या हिशोबानं तीन म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे टाकाऊ. ही गोष्ट फॉर्मच्या तळाशी, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली होती. बोरीत काय, अख्ख्या मराठवाड्यात एखादी गोष्ट लय चांगली असली की ती एक नंबर असते. बायांनी आमचं काम एक नंबर झालं म्हणून एकवर खूण केली होती. एकेचाळीसपैकी फक्त एकीनं तीनवर केली होती, मालनबाईंनी. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांचं डोकं विंचरायचं अर्धवट राहिलं होतं म्हणून त्यांनी तीन नंबर दिला. म्हणजे पूर्ण गावात आमच्या कामाला उत्तम म्हणणारी एकच बाई निघाली, आणि ती रागावलेली होती.

सरासरी एक पॉइंट शून्य पाच. लाल. लाल म्हणजे कुंकवासारखी.

"मी म्हणलो न्हवतो?" माधवरावांनी दुसरा डोळा उघडला. "मधलं टिक करायचं."

मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, पंचनामा वर-खाली वाचला, काकांच्या अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, "आकडा बदलता येणार नाही, सर. इतका पक्का पुरावा आपल्या कॉलेजात आजवर आलेला नाही."

"पण त्याचा अर्थ उलटा आहे."

"मग अर्थ बदला," ते त्यांच्या पाण्याखालच्या आवाजात म्हणाले. "आकडा हलत नाही, पट्टी हलते. गुणवत्ता कक्षात अर्ज द्या."

गुणवत्ता कक्ष पूर्वी सायकल स्टँड होता. तिथं धम्मानंद बसतात, जरा तिरके, कारण टेबल अजून सायकलीच्या खाचेतच आहे. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि परत दिला.

"तिसऱ्या ओळीत तुमी लिहिलंय, 'लोकांचा भाव समजून घ्यावा.' 'समजणे' बंद हाय सर."

मी खोडून 'विश्लेषण करावे' लिहिलं.

"खाडाखोड चालत न्हाई."

नवीन अर्ज लिहिला. मग त्यावर परीक्षा विभागाची सही लागली. परीक्षा विभाग म्हणाला आधी ग्रंथपालांची आणा. ग्रंथपालांचा काय संबंध हे मी विचारलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं, पण सही मात्र त्यांनी लगेच केली, कारण त्यांच्याकडं कुणी सही मागायला येत नाही. मला चहा पाजला. अशात बारा दिवस गेले. घरी राजेश्री रोज एकच विचारायची, "डबा?" मी म्हणायचो, "मेसेज यायचाय." बन्सीधरकाका भिंतीवरून म्हणायचे, "पंचनामा पक्का हाय ना? चिंता करू नका." मी चिंता करायला त्याच कारणानं सुरुवात केली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एकतीस मार्चला पावणेपाचला मंजुरी मिळाली. मी धावत लॅबमध्ये गेलो. निकिता पोर्टल उघडून बसलीच होती.

"पट्टी उलटी कर," मी म्हणलो. "एक म्हणजे उत्तम, तीन म्हणजे टाकाऊ. लगेच."

"तपासून बघू का सर, नंतर?"

"वेळ नाही."

तिनं एक ओळ बदलली. पाचला सहा मिनिटं कमी होती. माझी दुसरी चौकट थरथरली, एक पॉइंट शून्य पाचचे दोन पॉइंट पंच्याण्णव झाले, आणि ती हिरवी झाली. असला हिरवा मी कधी बघितला नव्हता. हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा. मी त्या हिरव्याकडं बघत बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर पानं गळत होती, आणि 'का' आत आला, त्याच्यामागं 'य', आणि 'म' या खेपेला गजाला अडकलासुद्धा नाही. तिघं कीबोर्डवर उतरले. मी हात पुढं केला. शिपाई आला नाही. घड्याळात पाच वाजले आणि पोर्टल गोठलं.

"सर," निकिता म्हणाली.

"बोल."

"पट्टी सगळीकडंच उलटली."

पहिल्या चौकटीत माझे दोन पॉइंट आठ होते, त्यांचे एक पॉइंट दोन झाले होते. लाल. मी माधवरावांचं पान उघडायला लावलं. त्यांना पोरांनी दिलेल्या एक पॉइंट दोनचे दोन पॉइंट आठ झाले होते. हिरवी. आणि गावाच्या चौकटीत फाट्यावरच्या चहा पिणाऱ्यांचा दोन होता. दोन उलटा केला की दोनच राहतो. तीही हिरवी.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"सर, ते पाचव्या युनिटात होतं न्हवं," ती म्हणाली. "वाचलं होतं मी. म्हणून तर विचारलं, तपासू का म्हणून."

म्हणजे पोरीला ते येत होतं. आऊटकम साध्य झालं होतं. मोजायला तेवढं कुणी नव्हतं.

मी प्राचार्यांना भेटलो. ते म्हणाले, पोर्टल गोठलेलं आहे, आणि पट्टी बदलायचा अर्ज माझ्याच सहीचा आहे. त्यावर ग्रंथपालांचीसुद्धा सही आहे.

चार एप्रिलला ऑर्डर निघाली. शिपाई लिफाफा घेऊन स्टाफरूममध्ये आला तेव्हा माधवराव झोपले होते. त्यांनी डोळे न उघडता मला म्हणलं, "सर, वाचा की जरा." मी वाचलं. 'कायम' हा शब्द मी पहिल्यांदाच कागदावर, इतक्या जवळून बघत होतो. टाईप साधाच होता. माधवराव उठून बसले, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "सर, तुमचं काई काम असलं तर सांगा," ते म्हणाले. "आता मी कायम हाय, कवाबी सांगा." दुसऱ्या दिवशी पेढे आणले. पेढे एक नंबर होते.

त्याच दुपारी माझा मोबाईल वाजला. 'आपला नंबर आला आहे. कृपया डबा घेऊन जावा.' दळण मार्चमध्येच झालं होतं, बटन धुरपताबाईंना त्या दिवशी आठवलं. बोरी माधवरावांच्या रोजच्या वाटेवर आहे. मी त्यांना डब्याचं सांगितलं, झाकणावर सासूबाईंचं नाव आहे तेही सांगितलं. ते म्हणाले, हे काय काम झालं, आजच घेतो, उद्या सकाळी कॉलेजात आणून देतो.

आणि त्यांनी घेतला. संध्याकाळी बोरीला उतरले, धुरपताबाईंकडून डबा मोजून-मापून ताब्यात घेतला, मागून आलेल्या जालना गाडीत बसले, डबा पायाशी ठेवला आणि झोपले. माधवराव देवगाव फाट्यावर उतरले. डबा जालन्याला गेला.